ठकूचा ठ

काळा रंग डब्याच्या तळाशी घट्ट बसला होता. तो काडीने ढवळताना डबा हलायला लागला, म्हणून त्याला टेकू द्यायला मी कोपऱ्यातलं पोतं ओढलं. पोत्याखाली शाळेतल्या पाटीएवढा एक दगड निघाला. पाथरवटाच्या कारखान्यात दगड निघाला यात नवल ते काय, दुसरं निघणार तरी काय. पण हा दगड माझ्या ओळखीचा नव्हता, आणि इथला प्रत्येक दगड माझ्या हाताखालून जातो. भाऊ थडग्यांवरची अक्षरं कोरतो, मी त्या अक्षरांत रंग भरते. गेलेल्या माणसाचं नाव चार पावलांवरून वाचता आलं पाहिजे, एवढंच माझं काम.

फडक्याने धूळ पुसली. वरच्या बाजूला एक कवटी होती, तिला दोन्हीकडे पंख. तिच्याखाली नाव कोरलेलं होतं, ठकू. आणि नावाखाली तारीख होती, आजची.

ठकू म्हणजे आमच्या घरातली पोर, माझ्या भावाची एकुलती एक मुलगी. सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन ती बाहेर पडली होती.

"दगड्या," मी हाक मारली. माझा धाकटा भाऊ तो. कामामुळे आणि तोंड न उघडण्याच्या सवयीमुळे सगळे त्याला दगड्याच म्हणतात, आणि आता त्यालाही त्याचं काही वाटत नाही. "इकडे ये. आधी हातातलं खाली ठेव."

तो छिन्नी घेऊनच आला. आधी त्याने कारागिरासारखं पाहिलं. "कोणाचं काम आहे हे? मी तर नाही घेतलं." मग त्याने वाचलं. वाचून झाल्यावरही तो बराच वेळ वाचत राहिला. शेवटी वाकून त्याने तर्जनी ठ च्या गोलात फिरवली, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी.

"तिचाच आहे हा ठ," तो म्हणाला.

आमच्या धंद्यात ठ म्हणजे परीक्षा असते. सरळ रेघ कोणीही मारेल. गोल कोरताना छिन्नी दर ठोक्याला थोडी थोडी वळवावी लागते, आणि जिथून सुरुवात केली तिथे परत येऊन भेटावं लागतं. पोरगी लहान असताना दगड्याने तिला शिकवला तो ठ च. "ठ आला की कवटी आलीच समज," असं तो तिला म्हणायचा. "गोल तोच. डोळे तेवढे काढायचे राहिलेत." शेजारच्या कबरस्तानाच्या जुन्या भागात तशा पुष्कळ कवट्या आहेत. कुठे पंखवाल्या, कुठे दोन हाडांवर टेकलेल्या, कुठे शेजारी वाळूचं घड्याळ. हल्ली कोणी तसलं मागत नाही, हल्ली लोकांना फुलं हवीत आणि फोटो हवेत. पण जुने दगड झिजले की दगड्या ते पुन्हा उजळतो आणि पोरगी त्याच्या मागे मागे फिरायची. कवट्यांचे दात मोजायची. "बाबा, हे सगळे हसतायत," म्हणायची. मला त्या दातांकडे बघवत नसे, अजूनही बघवत नाही.

"अक्का, ती कुठंय?" दगड्याने विचारलं.

मी फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

आणि मग गेल्या काही दिवसांतल्या गोष्टी एकेक करून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पोरीने तिची लोकरीची शाल मला देऊन टाकली होती, उगाचच. कपाट रिकामं केलं होतं. रात्रीची झोपत नव्हती, डोळे खोल गेले होते, विचारलं तर "काही नाही गं आत्या." परवा माझ्या वेणीला तेल लावता लावता म्हणाली, "माझ्यामागे बाबांच्या चष्म्याकडे लक्ष दे हं, ते काचा पुसत नाहीत." मी म्हटलं, बरं. माझ्यामागे म्हणजे काय, हे विचारायची अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती देव जाणे. आणि आज सकाळी दारात चप्पल घालताना म्हणाली होती, "आज सगळं आटपून टाकते, आत्या. मग सुटले."

मी हे दगड्याला सांगितलं. सांगायला नको होतं की काय कोण जाणे. त्याच्या ओठांचा रंगच गेला. कमरेचं चामडी फडकं तसंच ठेवून, हातात छिन्नी तशीच धरून तो कबरस्तानाकडे धावत सुटला. तिची आई तिथेच आहे ना.

माझे गुडघे धावायचे राहिलेले नाहीत, तरी त्या दिवशी धावले.

तिच्या आईच्या जागेवर दगड नाही. पाथरवटाच्या बायकोच्या उशाशी दगड नाही, हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे त्यावर बोलून दमले आहेत. ती गेली त्याच वर्षी दगड्याने चांगला काळा दगड निवडला, घासून आरसा केला, कडेने नक्षी काढली आणि मधली जागा कोरी ठेवली. मी विचारलं की "उद्या करतो." एकदाच खरं बोलला होता. "नाव कोरलं की संपलं, अक्का." तेव्हापासून तो दगड कारखान्याच्या भिंतीला तोंड करून उभा आहे.

मी पोचले तेव्हा दगड्या गुडघ्यांवर बसला होता. समोर ताजा खड्डा होता. अरुंद, वीतभर खोल, कडा नीट उभ्या कापलेल्या.

रखवालदार झाडू घेऊन आला. "पोरगी सकाळीच येऊन गेली. माझी कुदळ घेतलीन. मी म्हटलं, वहिनींच्या डोक्याशी कशाला खणतेस गं? तर म्हणाली, संध्याकाळी कळेल काका."

"कशी होती?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"रडत होती का? बोलायला कशी होती?"

तो विचारात पडला. "शांत होती. उलट हसली जाताना."

दगड्याने सवयीने खड्ड्यात हात घालून वीत लावली. "त्या दगडाचा पाय बरोबर बसेल," तो पुटपुटला. घाईघाईत केलेलं काम नव्हतं ते. घाईचं असतं, वेडंवाकडं असतं, तर मला कमी भीती वाटली असती. ज्याने एवढ्या निगुतीने खणलं, त्याने पुढचंही सगळं निगुतीने ठरवलं असणार. नदीवरचा पूल माझ्या डोळ्यांसमोर आला, रेल्वेचे रूळ आले, औषधांच्या बाटल्या आल्या. एकाच मिनिटात माणसाच्या डोक्यात काय काय येऊन जातं. मी दगड्याकडे बघितलं नाही, कारण त्याच्या डोक्यातही तेच असणार होतं.

"पुलावर बघू," तो म्हणाला.

"थांब. आज सुट्टीचा दिवस. ती त्या दुकानात असते."

"त्या कवट्यांच्या?"

"त्याच."

बाजारामागच्या गल्लीत जिन्याखाली एक दुकान आहे, चित्रकथांचं आणि खेळांचं. कित्येक वर्षं पोरगी सुट्टीची दुपार तिथे घालवायची. दारावरच्या पाटीवर शिरस्त्राण घातलेली कवटी, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव कवट्यांचं दुकान. दगड्या कधी आत गेला नव्हता. "मी आठवडाभर तेच कोरतो, सुट्टीच्या दिवशी पैसे मोजून कोण बघेल," एवढंच तो म्हणाला होता. मी एकदा दारातून डोकावले होते आणि तशीच मागे फिरले होते.

वाटेत पूल लागतो. आम्ही दोघांनीही कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी नेहमीसारखं होतं, काठावर कोणी कपडे धूत होतं. दगड्याने कठडा घट्ट धरला होता, त्याची बोटं मला सोडवावी लागली.

दुकानात शिरलो तर चारी भिंतींवर कवट्या. मुकुट घातलेल्या, दातांत फूल धरलेल्या, छातीवर बिल्ल्यासारख्या लावलेल्या, डोळ्यांतून साप निघालेल्या. खाली मोठमोठ्या अक्षरांत नावं. हाडेश्वर. कवटासुर. मरणमावशी. एरवी मी मरणमावशीला हसले असते, ती थोडीफार माझ्यासारखीच दिसत होती. त्या दिवशी मात्र वाटलं, हे सगळे तिला ओळखत होते, दर सुट्टीला तिच्याशी बोलत होते, आणि आम्हाला काही पत्ता नाही.

गल्ल्यावर कोणी नव्हतं. मागे एक पडदा होता आणि पडद्यामागे माणसं होती, पण बोलत कोणी नव्हतं. लाकडावरून काहीतरी खुळखुळत गेलं आणि थांबलं. मग एक पुरुषी आवाज आला, अगदी हळू.

"कवटी पडली." आणि थोडं थांबून, "झालं. ठकू मेली."

दगड्या धाडकन खाली बसला, पाठीने पुस्तकांची मांडणी आडवी केली, आणि दहा-पंधरा कवट्या आमच्या अंगावर आल्या. मी ओरडले की नाही ते मला आठवत नाही. पडदा सरकला आणि पडद्यात आमची पोरगी उभी होती. डोळे लाल, नाक लाल, पण दोन पायांवर धड उभी.

"बाबा? तुम्ही इथं कसे?"

दगड्या उठला नाही, उठवलंच नाही त्याला. तीच खाली बसली, आणि त्याने तिला कवटाळलं. लहान असताना तिने विचारलं होतं, बाबा, कवटाळणं म्हणजे कवटीला कवटी लावणं ना. तो म्हणाला होता, तेच. आता त्याचं कपाळ तिच्या डोक्यावर टेकलं होतं, आणि तो ते मागेपुढे घासत होता, आत काही आहे याची खात्री करून घेतल्यासारखा.

माझी मात्र आता कवटी सरकली. "मेली म्हणजे काय?" मी पडद्यामागच्या दाढीवाल्यावर तुटून पडले. दुकान त्याचंच होतं. "ही बसलीय ना जिवंत. कोण मेली? तोंड सांभाळून बोलावं माणसानं."

"खेळातली, आत्या," पोरगी म्हणाली. "खेळातली ठकू मेली."

तिने मूठ उघडली. मुठीत अंगठ्याएवढी रंगवलेली बाई होती, एका हातात हातोडा, दुसऱ्यात छिन्नी. टेबलावर एक फासा पडला होता, चौकोनी, सहा बाजूंचा. पाच बाजूंना ठिपके आणि सहावीला कवटी. या खेळात प्रत्येकाचं एक माणूस असतं, त्याला नाव द्यायचं, आणि वर्षानुवर्षं त्याला जगवायचं. वाईट वेळेला कवटी पडली की ते माणूस गेलं. टेबलाभोवतीची मुलंमुली उभी होती, खरंच कोणी गेल्यासारखी. एकीने तर डोळे पुसले. मग दाढीवाल्याने त्यांना खुणेने बाहेर नेलं आणि आमच्यासाठी स्टुलं आणली. माणूस बरा होता.

"पण तिला स्वतःचं नाव कशाला दिलंस गं?" मी म्हटलं. "आणि तो दगड? पोत्याखाली? आजची तारीख घालून? अगं, तुझं नाव दगडावर बघून या माणसाचं काय झालं असेल?"

दगड्याच्या कमरेचं फडकं, त्याच्या हातातली छिन्नी, त्याचा चेहरा, सगळं तिने तेव्हा पाहिलं.

"बाबा, तुम्हाला वाटलं की मी..."

त्याने मान हलवली.

"नाही हो," ती म्हणाली. "नाही. नाही. मला सुचलंच नाही की कोणाला असं वाटेल. रात्री जागून कोरला, पण तुम्हाला दाखवायचं धाडस होत नव्हतं, म्हणून पोत्याखाली ठेवला. संध्याकाळी घरी येऊन सांगणार होते." मग ती खाली बघत म्हणाली, "आणि आत्या, ते माझं नाव नाहीये."

हे कोणीतरी बोलायला हवंच होतं, कधीतरी.

ठकू हे दगड्याच्या बायकोचं नाव. कागदावरचं नव्हे, त्याने लाडाने ठेवलेलं. लाकडी बाहुलीसारखी ठेंगणी होती, गालांवर लाली होती, म्हणून ठकू. पोरीला तेव्हा आम्ही खारू म्हणायचो, दगडांच्या ढिगावर खारीसारखी चढायची म्हणून. बायको गेल्यावर काही दिवसांनी दगड्याने पहिल्यांदा हातोडा धरला, आणि काम करता करता सवयीने आत हाक मारली, "ठकू, पाणी आण गं." मी स्वयंपाकघरात होते. हातोडा थांबला. त्यालाही कळलं होतं. आणि पोरगी, फ्रॉकातली पोरगी, तांब्या घेऊन बाहेर गेली. त्या दिवसापासून ती ठकू. खारूला परत कोणी हाक मारली नाही. मला तेव्हा ते बरंच वाटलं होतं, घर भरल्यासारखं.

"तुमचं तोंड बघितलं मी तेव्हा," पोरगी त्याला सांगत होती. "वाटलं, ओ दिली नाही तर हे परत रडतील. म्हणून दिली. मग रोजच देत गेले. इथं पहिल्यांदा आले तेव्हा विचारलं, तुझ्या माणसाचं नाव काय. मी म्हटलं, ठकू. मग बरं वाटायला लागलं. एक दुपार तरी ठकू वेगळी असायची आणि मी वेगळी. आज तिला निरोप द्यायचा, म्हणून कवटी पडेपर्यंत खेळले. आईसारखी करून टाकली मी तिला. ठेंगणी. चिडकी."

"चिडकी होतीच," दगड्या म्हणाला. एवढ्या वेळात बोललेलं पहिलं वाक्य ते.

"मला काम मिळालंय, बाबा. चित्रकथा छापतात तिथं, दुसऱ्या गावी. माणसांच्या तोंडून निघालेले फुगे असतात ना, त्यांतली अक्षरं काढायची. तुमच्यामुळं मिळालं, माझा ठ बघून खूष झाले. पण तिथं कोणी विचारलं, घरी तुला काय म्हणतात, तर काय सांगू? आईचं नाव सांगू?" तिने ती रंगवलेली बाई टेबलावर ठेवली. "आणि आईच्या उशाशी आईचं नाव नको? आजपासून ते परत तिचं, म्हणून तारीख आजची. तुम्ही ते दगडावर घालत नाही, कारण तुम्ही ते माझ्यावर घातलंय."

मला वाटलं, हा माणूस आता मोडणार. मी उठून त्याच्या मागे उभी राहिले. त्याने ती अंगठ्याएवढी बाई उचलून तळहातावर घेतली. मग नाक ओढून म्हणाला, "दगडावरचा डावा पंख जड झालाय."

"माहितीये," ती म्हणाली.

"आणि कवटी कशाला? फूल काढायचं होतं."

"तुम्हीच म्हणायचात, ठ आला की कवटी आली. आणि त्या हसतात. मला आई हसताना हवी होती."



उन्हं उतरायच्या आत आम्ही दगड नेला. कारखान्यातल्या बाकावर ठेवून मी आधी अक्षरांत रंग भरला होता. ठ च्या गोलाबाहेर थेंब जाऊ दिला नाही. कवटीच्या डोळ्यांत रंग भरताना पहिल्यांदाच मी तिच्याकडे नीट पाहिलं. हसत होती खरी. दगड्याने दगड उभा धरला, पोरीने माती लोटून पायाने दाबली, रखवालदाराला त्याची कुदळ परत मिळाली. डावा पंख जड होता, पण दगड्याने छिन्नी लावली नाही.

परत निघताना तो म्हणाला, "चल, ठ..." आणि अडखळला. जीभ तिथेच अडली. पुढचं नाव त्याच्याकडे नव्हतंच. पोरगी दोन पावलं थांबली, मग चालायला लागली.

ती भीती गेली. पण मोकळं काही वाटेना, कारण पोरगी जाणार होती हे आता खरं होतं. फक्त कुठे जाणार, ते चांगलं निघालं.

बसला पोचवायला आम्ही दोघं गेलो. दगड्याने बॅग वर चढवली, खिडकीशी येऊन उभा राहिला. "जपून जा," म्हणाला. ती खिडकीतून बघत राहिली, आणखी काही म्हणतोय का म्हणून. बस निघाली तरी बघत होती. घरी येताना मी त्याला चांगलं सुनावणार होते, पण त्याचे डोळे बघून तोंड मिटून घेतलं.

मग नेहमीचं काम सुरू झालं. भिंतीकडे तोंड करून उभा असलेला तो काळा दगड त्याने फिरवला आणि गावातल्या एका म्हाताऱ्या शिक्षकाच्या नावाला देऊन टाकला. मधल्या कोऱ्या जागेत नाव बसलं. ते कोरायला तो सकाळपासून बसला होता, ऊन वर आलं होतं, मी आत भाजी चिरत होते. हातोड्याचा आवाज एका लयीत चालला होता. मग थांबला.

"खारू," त्याने आत हाक मारली. "पाणी आण गं."

मी विळी बाजूला केली, तांब्या भरला आणि बाहेर गेले. त्याने माझ्याकडे न बघता तो घेतला, सगळं पाणी पिऊन संपवलं, आणि छिन्नी पुन्हा अक्षरावर धरली.